लेकरांच्या हाती ओळंबा

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचं मोठं गाव. तालुका लातूरच, त्यामुळे शहराचं वारं इथं लगेच पोचतं. लातूर पॅटर्नचं नाव साऱ्या महाराष्ट्रात आहे आणि आमच्याकडे लेकरू सातवी-आठवीत असतानाच घरात त्याचा पुढचा आराखडा तयार असतो : दहावी, मग लातूरला खोली, बारावी, मग नीट नाहीतर जेईई. त्या वाटेनं गेलेली गावची मुलं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, त्याचा आम्हा शिक्षकांना मनापासून अभिमान आहे. पण वर्गातल्या सगळ्याच लेकरांची ती वाट नसते. ज्यांची नसते त्यांना दुसरी वाट कोणी आदरानं दाखवत नाही. दहावीचे मार्क कमी पडले की घरातलं कोणीतरी म्हणतं, "आता टाका आयटीआयला." जणू शिक्षाच सुनावली. हाताचं काम हे हरलेल्यांसाठी असतं, ही समजूत त्या एका वाक्यानं लेकराच्या मनात घट्ट बसते.

मी गणित शिकवतो. माझे वडील गवंडी होते. काही वर्षांपासून आम्ही शाळेत सहावी ते नववीच्या मुलामुलींना बांधकाम, सुतारकाम, नळकाम आणि विजेच्या कामाची ओळख करून देतो. बहुतेक वेळा शनिवारी, कधी सुट्टीत. गावातलेच मिस्त्री येऊन शिकवतात. या कामातून मला जे उमगलं ते इथं मांडतो आहे. कोणाला आपल्या शाळेत, वस्तीवर किंवा घरी असं काही सुरू करायचं असेल तर त्यांना ते उपयोगी पडावं.

१. काम खरं द्या

पुठ्ठ्याचं घर, थर्माकोलचा पूल, प्रदर्शनातलं मॉडेल यांना माझा विरोध नाही. पण ते चौथ्या दिवशी कपाटावर जातं आणि महिन्यानं कचऱ्यात, हे लेकरांना पक्कं ठाऊक असतं. आम्ही सुरुवात केली ती हात धुण्याच्या ओट्यापासून. मधल्या सुट्टीत खिचडीच्या आधी सगळी शाळा एका नळापाशी झुंबड करायची. ओट्याची गरज सगळ्यांना होती, म्हणून काम कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

उंची किती ठेवायची, हा पहिला प्रश्न. मिस्त्री म्हणाले, "कुणासाठी बांधायलाव ते मला सांगा, उंची मी सांगतो." मग मुलांनी पहिलीच्या लेकरांना रांगेत उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची मापं घेतली. मग सातवीची घेतली. दोन्ही आकड्यांत एवढा फरक पडला की ओटा दोन उंचींचा करायचा, हे मुलांनीच ठरवलं. आता पहिलीचं पोरगं टाचा न उचलता हात धुतं आणि आठवीची मुलगी त्याला सांगते, "हे आम्ही तुमच्यासाठी ठेवलंय." कोणत्याही मॉडेलमुळे हे वाक्य तिच्या तोंडी आलं नसतं.

हा विचार नवा नाही. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कालबाग पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी तिथं विज्ञान आश्रम उभा केला. त्यांच्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात : बांधकाम आणि वर्कशॉप, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. शिकवायला गावातले कुशल लोक असतात, आणि शिकता शिकता मुलं गावाला उपयोगी पडणाऱ्या सेवा देतात. शाळेतल्या कामाचा उपयोग कोणाला तरी व्हायलाच हवा, हा त्यातला कणा. आम्हीही तोच धरून ठेवला आहे.

२. आधी दोरी आणि टेप, मग सिमेंट

बांधकाम म्हटलं की मुलांना माल कालवायची घाई असते. पण पहिला पूर्ण दिवस मोजमापाला द्यावा. त्या दिवशी जे घडतं त्यावर मला वर्गात वर्षभर गणित शिकवता येतं.

ओट्याची आखणी करताना मिस्त्रींनी चार खुंट्या, सुतळी आणि चुन्याची फक्की मागितली. एका कोपऱ्यात खुंटी ठोकून दोन बाजूंना दोऱ्या ताणल्या. "काटकोन झाला का?" त्यांनी विचारलं. सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "झाला!" मिस्त्रींनी एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर. मग टेपचं एक टोक एका पोराच्या हातात, दुसरं एका पोरीच्या. दोन खुणांमधलं अंतर भरलं ४ फूट ११ इंच. "पाच पायजे. एक इंच कमी हाय. आता खुंटी आत घ्यायची का बाहेर?" पोरं गप्प झाली. मग एकीनं हळूच दोरी बाहेर सरकवून पाहिली आणि टेपवरचा आकडा वाढायला लागला. पाच फूट भरले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आता झाला गुण्या."

मुलांचं समाधान झालं नव्हतं. एकानं विचारलं, "मोठं घर असलं तर?" "मग सहा-आठ-दहा धरायचं. दोरी जेवढी लांब, तेवढी चूक कमी." मी त्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचं प्रमेय येईल तेव्हा या मुलांना ते पाठ करावं लागणार नाही. आणि माप लांबवलं की कोनातली चूक का कमी होते, हा प्रश्न तर पुस्तकातही नाही. त्यावर आमचा पुढचा अख्खा तास रंगला.

विटांचा हिशेबही असाच. आमच्याकडच्या विटेची दर्शनी बाजू ९ इंच बाय ३ इंच धरली तर एका चौरस फुटाला ५.३३ विटा लागतात, असं मुलांनी काढलं. मिस्त्री म्हणाले, "सांधा कुठं गेला?" अर्ध्या इंचाचा सांधा धरला तर आकडा ४.३३ वर आला. "आता तुटफूट धरून पाच लिहा," मिस्त्रींनी निकाल दिला. भागाकार, दशांश आणि अंदाज हे तिन्ही एका भिंतीत सापडले. ओट्याला ढाळ द्यायची वेळ आली तेव्हा 'फुटाला दोन सूत' हे माप मुलांच्या कानांवर पहिल्यांदा पडलं. इंचाचे आठ सूत, म्हणजे फुटामागे पाव इंच. पाच फुटांच्या ओट्याला सव्वा इंच. अपूर्णांक कशाला शिकायचे, असं त्यानंतर कोणी विचारलं नाही.

३. मिस्त्रींना गुरुजींचा मान द्या

शाळेत कोणी पाहुणा आला की शाल, नारळ, खुर्ची. मिस्त्री आले की मात्र दारातच उभं राहून "कुठं काम हाय?" असं विचारायची त्यांच्यावर वेळ येते. हे पहिल्या दिवशीच बदलायचं. आम्ही त्यांची परिपाठात ओळख करून देतो, त्यांनी गावात कोणकोणती घरं बांधली ते सांगतो आणि त्यांच्या दिवसाचा मोबदला ठरवून देतो. एका दिवसाचा रोज बुडवून कोणी सेवा करावी अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील मिस्त्री असतील तर त्यांनाच आधी बोलवावं. वडिलांना शाळेत नमस्कार मिळतो आहे, हे पाहताना त्या लेकराच्या चेहऱ्यावर जे येतं त्याची बरोबरी कुठल्याही बक्षिसानं होत नाही.

मिस्त्रींना भाषण करायला लावू नये. त्यांचं ज्ञान हातात असतं. त्यांना काम करू द्यावं आणि मुलांना एकच शब्द शिकवावा : "का?" मिस्त्रींनी विटा पाण्याच्या टाकीत टाकल्या. का? "कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते." मग पाणी गेलं तर काय होतं? इथं मिस्त्री माझ्याकडे बघतात आणि मी पुढचं सांगतो : सिमेंट वाळून नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, त्याला पाणी पुरलं नाही तर ते कच्चं राहतं. म्हणूनच बांधकामावर रोज पाणी मारायचं. टाकीत वीट टाकल्यावर बुडबुडे येतात आणि काही वेळानं थांबतात, हे मुलं डोळ्यांनी पाहतात. मिस्त्रींचा अनुभव आणि शिक्षकाचं शास्त्र असे शेजारी उभे राहिले की शिकवणं पूर्ण होतं. दोघांपैकी एकटा कोणीच पुरत नाही.

४. लहानांना चिखलात बांधू द्या

सहावी-सातवीच्या मुलांना मी सिमेंट देत नाही. चिखलाचा माल आणि विटा देतो. एक तर सिमेंट हाताला लागलं की कातडी जळते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे : चिखलातली भिंत मोडून पुन्हा बांधता येते.

पाच थर झाले की पोरं मागं सरून आपली भिंत बघतात. "मिस्त्री मामा, सरळच हाय की!" मिस्त्री खिशातून ओळंबा काढतात. "डोळ्याला सरळ दिसतंय. ओळंब्याला इचार." ओळंबा वरच्या विटेला लावला की खालच्या थरापाशी त्याची दोरी भिंतीपासून बोटभर दूर राहते, नाहीतर लोळा भिंतीला टेकतो. पोरं आधी ओळंब्यालाच दोष देतात, मग वाऱ्याला, मग एकमेकांना. शेवटी तीन थर उतरवून पुन्हा बांधतात. या वेळी मात्र प्रत्येक थराला ओळंबा लावतात, कोणी सांगायची गरज पडत नाही.

परीक्षेत चुकलेलं उत्तर लाल शाईत परत येतं आणि तिथंच विषय संपतो. इथं चूक दिसते, मोजता येते आणि त्याच दुपारी दुरुस्त होते. कोणी ओरडत नाही, कोणी मार्क कापत नाही. ओळंबा सरपंचाच्या पोराला आणि मजुराच्या पोराला एकच उत्तर देतो. ज्या मुलाला वर्गात नेहमी 'चूक' हाच शब्द ऐकायला मिळतो, त्याच्यासाठी ही दुपार फार मोलाची असते.

५. गावाची अडचण हाच धडा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कुर्डुवाडीमार्गे लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. त्या गाडीचं 'जलदूत' हे नाव आमच्याकडे अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. ज्या जिल्ह्यानं ते दिवस पाहिले, तिथं नळकाम शिकवायला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

आम्ही गळका नळ शोधण्यापासून सुरुवात करतो. मुलं त्याखाली बादली ठेवतात, तासाभरात जमलेलं पाणी मापतात आणि २४ नं गुणतात. दिवसाचा आकडा समोर आला की घरच्या, शेजारच्या, देवळाजवळच्या नळांकडे त्यांचं लक्ष आपोआप जातं. मग प्लंबर मामा नळ उघडून दाखवतात. आतला वायसर झिजलेला असतो. आधी मागची चावी बंद करायची, पान्ह्यानं नळ सोडवायचा, नवा वायसर घालायचा, आट्यांवर टेप गुंडाळायची. टेप आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळली नाही तर नळ बसवताना ती सुटून येते, हे एकदा हातानं केल्याशिवाय कळत नाही.

सातवीच्या एका मुलीनं घरचा नळ दुरुस्त केला आणि तिच्या आजीनं तो शेजारणीला बोलावून दाखवला. ही बातमी शाळेत माझ्या आधी पोचली होती. त्यानंतर नळकामाच्या शनिवारी कोणी गैरहजर राहत नाही.

६. किल्लारी मुलांना सांगा, आणि हातानं समजून घेऊ द्या

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. ६.२ तीव्रतेच्या भूकंपानं किल्लारी आणि भोवतालची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे ८ हजार माणसं गेली. आज आमच्या वर्गातल्या मुलांचे आईवडील तेव्हा लेकरं होते. मुलांना हा भूकंप मोठ्यांच्या आठवणींतून माहीत आहे, पण घरं का पडली हे फारसं कोणी सांगत नाही.

म्हणून आम्ही एक प्रयोग करतो. प्लायवूडच्या एका फळीखाली गोल पाइपांचे तुकडे ठेवायचे, म्हणजे फळी मागंपुढं हलते. तिच्यावर मुलं छोट्या दगडांच्या आणि चिखलाच्या दोन भिंती रचतात. पहिली जुन्या पद्धतीची : बाहेरून एक दगडी पडदी, आतून एक, मधे चिपांची भर. दुसरीही तशीच, पण जागोजागी दोन्ही बाजूंना पोचणारा लांब आडवा दगड घातलेला. मग फळी हलवायची. पहिल्या भिंतीच्या पडद्या काही धक्क्यांत फुगतात, एकमेकींपासून सुटतात आणि भर बाहेर येते. दुसरी तडकते, पण उभी राहते.

फळी थांबली की वर्ग शांत होतो. मग मी सांगतो : आपल्याकडच्या त्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड होत्या, पण दोन पडद्या एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. वर माळवदाच्या मातीचं ओझं होतं. काही ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडी खण मात्र उभे राहिले, कारण सुतारानं खांब आणि तुळया सांध्यात पक्क्या अडकवल्या होत्या. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जी घरं जागेवर राहिली त्यांना सिमेंट काँक्रीटचे पट्टे घालून, आडवे दगड बसवून बळकट करायचा मोठा कार्यक्रम झाला आणि गवंड्यांना त्याचं शिक्षण दिलं गेलं.

गवंड्याच्या कामावर माणसांचे जीव असतात, हे लेकरांना या प्रयोगातून कळतं. तो आडवा दगड घालायला किती वेळ लागला असता, असं एकदा एका मुलानं विचारलं. मिस्त्री म्हणाले, "काही येळ लागत नाही. फक्त घालायचा असतोय हे माहीत पायजे."

७. मुलींना थापी द्या

कोणत्याही बांधकामावर जाऊन पाहा. बाया वाळू चाळतात, घमेली वाहतात, पाणी मारतात. थापी आणि ओळंबा पुरुषाच्या हातात. वर्षानुवर्षं कामावर असूनही ती बिगारीच राहते, कारण तिला मिस्त्रीच्या जागी कोणी उभंच केलेलं नसतं. रोजात त्यामुळे जो फरक पडतो तो तिला आयुष्यभर सोसावा लागतो.

आम्ही मुलांचे गट पाडले की मुली आपणहून घमेलं उचलतात. घरी आणि रस्त्यावर त्यांनी तेच पाहिलेलं असतं. म्हणून आमचा नियम आहे : पहिली वीट मुलगी लावणार, लेव्हल मुलगी बघणार, माल मुलगे वाहणार. पुढच्या थराला अदलाबदल. आठवड्याभरात कोणाच्याही लक्षात हा नियम राहत नाही, इतकं ते अंगवळणी पडतं.

आपल्याच जिल्ह्यात याचा मोठा दाखला आहे. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत बायकांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केलं. घर बळकट कसं करायचं हे त्या शिकल्या, घरोघरी सांगत फिरल्या आणि कामावर देखरेखही केली. पट्टा कुठं घालायचा, सळई किती जाडीची, हे त्या मिस्त्रींना विचारायच्या. ज्या बायकांचा बांधकामाशी संबंध फक्त डोक्यावरच्या पाटीपुरता होता, त्यांनी हे केलं. मी मुलींना हे दरवर्षी सांगतो.

८. शिकणं आणि मजुरी यांत रेघ ओढा

हा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. आमच्या भागात लेकरं कामाला जातात, ती हौसेनं नाही. ऊसतोडीला आईबाप गेले की त्यांच्याबरोबर फडात जातात, वीटभट्टीवर राबतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदा स्पष्ट आहे : १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर घेता येत नाही. हाताच्या कामाचं शिक्षण देणाऱ्यानं हे सतत डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

माझी कसोटी साधी आहे. लेकराला थांबावंसं वाटलं तर त्याला थांबता येतं का? ते नसतं तरी काम मोठ्यांनी पूर्ण केलं असतं का? आज त्याला काही नवं कळलं का? तिन्ही उत्तरं होकारार्थी असतील तर ते शिक्षण. मजुरीचे पैसे वाचावेत म्हणून शाळेची भिंत लेकरांकडून बांधून घेणं ही सरळ मजुरी आहे, मग तिला कार्यानुभव म्हणा की आणखी काही.

सुरक्षिततेत तडजोड नाही. सिमेंटला हातमोजे. करवत, पटाशी वापरताना एका मोठ्या माणसाकडे चारच मुलं. दगड फोडताना चष्मा. परांचीवर कोणीही चढायचं नाही. विजेचं काम बॅटरी, होल्डर, बटण आणि छोटा दिवा यांवरच, घरच्या विजेला हात नाही. जोडणी कशी होते, फ्यूज का उडतो, हे बॅटरीवरही पूर्ण समजतं. पायात चप्पल नसेल तर त्या दिवशी ते मूल मोजमापाच्या गटात बसतं. पायतणांची सोय करायची जबाबदारी आमची.

९. जातीची गाठ इथं सुटू शकते

गावगाड्यात काम जातीला बांधलेलं होतं. सुतारानं लाकूड, लोहारानं लोखंड, कुंभारानं माती. अक्षर दुसऱ्यांचं. हातांत कौशल्य असणाऱ्याला मान नाही आणि मान असणाऱ्याच्या हाताला काम नाही, अशी ती घडी होती. बलुतेदारी गेली, पण 'ते आपलं काम नाही' हे वाक्य घरांत अजून ऐकू येतं.

महात्मा फुले बांधकामाचे ठेकेदारही होते, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. शाळा काढणारा, ग्रंथ लिहिणारा माणूस दगड-चुन्याच्या व्यवहारात पाय रोवून उभा होता. आमच्या शनिवारी गट आडनावं बघून नाही, चिठ्ठ्या टाकून पाडतो. प्रत्येक मूल चारही कामं करतं. सुताराचा मुलगा वायरिंग करतो, किराणा दुकानदाराची मुलगी रंधा मारते, शेतकऱ्याचा मुलगा माल कालवतो. रंधा नीट मारला की लाकडाची लांब, पातळ साल गुंडाळत निघते. ती काढता येणं ही कोणाच्या रक्तातली गोष्ट नाही, हाताला सराव लागतो, हे प्रत्येकाला स्वतःच्या हातानं कळतं.

१०. पुढची वाट कागदावर दाखवा

आवड निर्माण झाली आणि पुढं काय ते कोणालाच माहीत नसलं, तर सगळा खटाटोप वाया. म्हणून वर्षातून एकदा आम्ही आईवडिलांना बोलावतो. आधी मुलांनी केलेलं काम दाखवतो, मग फळ्यावर वाटा लिहितो.

आयटीआयमध्ये वेल्डर, सुतारकाम, प्लंबर यांसारखे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे दोन वर्षांचे. काहींना आठवी पास पुरते, काहींना दहावी लागते. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते, तिला १९६१ च्या कायद्याचं संरक्षण आहे. दोन वर्षांचा आयटीआय करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो. लातूरला शासकीय आयटीआय आहे आणि पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनही. म्हणजे आयटीआयला गेलेल्याला इंजिनिअर व्हायची दारं बंद होत नाहीत. हे ऐकल्यावर बरेच वडील वही काढतात.

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. एका डब्यात किती कामं असतात ते मुलांना मोजायला सांगा : वेल्डिंग, वायरिंग, नळ, फर्निचर, रंग, काचा. शाळेत केलेल्या चारपैकी तीन कामं त्यात निघतात. एका आईनं विचारलं होतं, "सर, पण माझं पोरगं हुशार हाय, त्याला कशाला हे?" मी म्हटलं, "हुशार हाय म्हणूनच." उद्या तो सिव्हिल इंजिनिअर झाला तर साइटवर गवंड्याशी बोलताना त्याला कामातलं कळेल. डॉक्टर झाला तरी टाके घालायला स्थिर हात लागतोच. आणि मिस्त्री झाला, तर तो विचार करणारा मिस्त्री होईल.

सुरुवात कशी कराल?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखाली शिकावं, असं त्यात म्हटलं आहे. धोरण आहे, मिस्त्री गावात आहेत, लेकरं तयार आहेत. या तिघांना एकत्र बसवणारं माणूस तेवढं लागतं.

महागडी प्रयोगशाळा लागत नाही. चार टेप, सुतळी, खुंट्या, दोन ओळंबे, एक पाणसळ, काही थाप्या, एक करवत, एक रंधा, पान्हे, वायसर, बॅटऱ्या आणि शंभरेक विटा पुरतात. यातलं बरंचसं मिस्त्रींच्या पिशवीतच असतं. आपल्या शाळेत फिरून एक अडचण शोधा : हलणारं बाक, गळणारा नळ, पाणी साचणारा कोपरा. मुलांना ती मोजायला सांगा. मग गावातल्या एका मिस्त्रींच्या घरी जा आणि त्यांना आदरानं शाळेत यायचं आमंत्रण द्या. आमच्या अनुभवात नाही म्हणणारे मिस्त्री फार थोडे भेटले. बहुतेकांनी एकच विचारलं, "किती वाजता यायचं?"

यातली किती मुलं पुढं गवंडी, सुतार, वायरमन होतील, यावरून या कामाचं यश मोजू नका. जी होतील ती मान ताठ ठेवून, शिकून होतील. जी होणार नाहीत ती आपलं घर बांधणाऱ्या माणसाशी माणसासारखं बोलतील, त्याचा रोज वेळेवर देतील, त्याचं काम ओळखतील. दोन्ही गोष्टींची गावाला सारखीच गरज आहे, आणि दोन्हींची सुरुवात लेकराच्या हातात खरं काम देण्यापासून होते.